सर्वांत मागच्या माणसाच्या चालीनें

वैशाख लागला, मुलांच्या शाळांना सुट्या झाल्या, कीं एकत्र कुटुंबांत एकच प्रश्न निघतो : यंदा मुलांना कोठें न्यावयाचें? आमच्या लहानपणीं त्याचें उत्तर ठरलेलें असे. आजोळ, आंबे आणि विहिरींतलें पोहणें, एवढ्यांत सुटी संपे. आतां मुलांच्या तोंडीं निराळीं नांवें आलीं आहेत. १९८९ सालीं मुंबईजवळ गोराईस एस्सेलवर्ल्ड निघालें, १९९८ सालीं त्याच्याच शेजारीं वॉटर किंग्डम आलें, आणि २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालें. अशा करमणुकीच्या उद्यानांतील पाळण्यांच्या, घसरगुंड्यांच्या आणि कृत्रिम लाटांच्या गोष्टी वर्गांतील एका मुलानें सांगितल्या म्हणजे बाकीच्या चाळीस घरांत हट्ट सुरू झालाच म्हणून समजावें.

मुलांच्या या हौसेस माझा मुळींच विरोध नाहीं. परंतु आपल्या घरांत मुलांबरोबर वडील माणसें असतात, एखादें दुखणाईत असतें, एखादी गर्भवती असते, एखादें तान्हें असतें. सहल सर्वांची असते, आणि ऊन मात्र सर्वांना सारखें सोसत नाहीं. या महिन्यांत याविषयींच चार शब्द लिहावे असें मनांत आहे. आणि ते लिहिण्याचा अधिकार मला एका चुकीनें मिळाला आहे.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. थोरल्या जाऊबाई मुलांना घेऊन पुण्याहून आमच्याकडे साखरशेतास आल्या होत्या. साखरशेत हें जव्हार तालुक्यांतील लहानसें गांव. मुलांना मोकळें रान आणि पहांटेची गार हवा यांचें कौतुक चार दिवस पुरलें. पांचव्या दिवशीं उद्यानाचा विषय निघाला, आणि सहाव्या दिवशीं पहांटे पांच वाजतां आम्ही अकरा माणसें भाड्याच्या जीपगाडींतून घाट उतरून निघालों. उद्यानाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. चूक त्यांची नव्हती, आमची होती. आमच्यांत सासूबाई होत्या. त्यांचें वय तेव्हां ७७, आणि रक्तदाबाची गोळी रोजची. धाकट्या वन्संही होत्या. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस नांवाचा मज्जासंस्थेचा विकार आहे. पाहणाऱ्यास तो सहसा दिसत नाहीं.

दहाच्या सुमारास फाटक उघडलें. तिकिटांस एवढे पैसे मोजलेले, तेव्हां एकही खेळ सुटतां कामा नये, असा सर्वांचा बेत. सासूबाईंना पत्र्याच्या छपराखालीं एका बांकावर बसविलें, आणि अकरा माणसांच्या पिशव्या त्यांच्या स्वाधीन केल्या. "मला काय, मी बसतें येथें. तुम्ही जा," असें त्या म्हणाल्या, आणि तें आम्हांस सोयीचें वाटलें. वन्सं मुलांबरोबर रांगेंत उभ्या राहिल्या. मधून मधून कोणी तरी बांकाशीं येऊन "कांहीं त्रास नाहीं ना?" असें विचारून जाई, "नाहीं" असें उत्तर मिळे.

दुपारीं अडीच वाजतां मी पिशवी न्यावयास आलें, तों सासूबाई माझ्या मुलास स्वतःच्या कैलासवासी भावाच्या नांवानें हांक मारूं लागल्या. मला वाटलें, झोंपेंत आहेत. तेथें झाडलोट करणाऱ्या एका बाईनें मात्र त्यांच्या कपाळास हात लावला, आणि मला कांहीं न विचारतां आपल्या बादलींतलें स्वच्छ पाणी त्यांच्या लुगड्यावर ओतून पुठ्ठ्यानें वारा घालावयास आरंभ केला. पुढें उद्यानांतील दवाखाना, तेथून इस्पितळ. दुसऱ्या दिवशीं सासूबाई घरीं आल्या, हें आमचें भाग्य. पाण्याची बाटली त्यांच्या हातांतच होती आणि ती जवळजवळ भरलेली होती. कां प्यायल्या नाहींत, असें मागाहून विचारलें. त्या म्हणाल्या, "मोरी फार लांब होती, आणि पिशव्या टाकून जाऊं कशी?" वन्संनींही त्याच रात्रीं सांगितलें कीं दुपारीं एकापासून त्यांना डोळ्यांपुढें अंधुक दिसत होतें आणि पाय लटपटत होते. मुलांचा विरस नको म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

या दोन उत्तरांचा मीं पुष्कळ विचार केला आहे. ऊन बाधलें, हें खरें. परंतु उन्हाइतकीच बाधली ती आपल्या घरांतली भीड. वडील माणसें आणि दुखणाईत माणसें आपल्यामुळें दुसऱ्यांचा आनंद जाऊं नये म्हणून जपतात, आणि आपण त्यांच्या "नाहीं"वर निर्धास्त होतों. "त्रास होतो का?" हा प्रश्नच म्हणून निरुपयोगी आहे. ज्याचा त्रास ओळखावयाचा त्याच्यावरच तो बोलून दाखविण्याचा भार टाकणें बरोबर नाहीं. कोणास बोलावेंच लागूं नये, असा बेत घरून निघतांनाच केलेला असला पाहिजे.

आतां ऊन बाधतें कसें, तें थोडक्यांत पाहूं. शरीर थंड राहतें तें मुख्यतः घाम सुकल्यामुळें. एक लिटर घाम सुकतांना सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरांतून निघून जाते. घाम नुसता निथळला तर हा लाभ होत नाहीं. आणि कोंकणपट्टीच्या दमट हवेंत तो निथळतोच फार. आपलें हवामान खातें सपाट प्रदेशांत कमाल तपमान ४० अंशांस पोंचल्याखेरीज उष्णतेच्या लाटेचा विचार करीत नाहीं. समुद्रकांठीं मात्र तीच मर्यादा ३७ अंशांची आहे. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा समारंभ उघड्या मैदानावर झाला, त्या दिवशीं तपमान चाळिसाच्या आंतच होतें. तरीहि कित्येक तास उन्हांत बसलेल्या समुदायांतील १४ माणसें दगावलीं. आकडा पाहून धीर धरूं नये, हें त्या दुर्दैवी दिवसानें शिकविलें.

वृद्धांना घाम कमी येतो, आणि तहान लागली तरी ती उशिरां कळते. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनीं लघवी जास्त होऊन शरीरांतील पाणी कमी होतें. दुसऱ्या कांहीं औषधांनीं घामच आटतो. गोळी आपल्या मनानें बंद करूं नये, परंतु सहलीपूर्वीं डॉक्टरांस अवश्य विचारावें. वन्संच्या विकाराची गोष्ट निराळी. शरीराचें तपमान अर्धा अंश चढलें तरी दुखावलेल्या मज्जातंतूंचें काम मंदावतें. दृष्टि अंधुक होते, पाय जड होतात. उथॉफ नांवाच्या जर्मन नेत्रवैद्यानें १८९० सालींच हें नोंदवून ठेविलें आहे. अंग निवालें म्हणजे बहुधा पूर्ववत् वाटूं लागतें. म्हणूनच पाहणाऱ्यास तें ढोंग वाटण्याचा संभव असतो, आणि रोग्यास बोलण्याचा संकोच होतो.

साखरशेतास परत आल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. ती इतके दिवस डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. हा सारा मुलूख वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशा आदिवासींचा. मोहाचीं फुलें वेंचावयाचीं असोत कीं शेतांतील राब भाजावयाचा असो, हीं माणसें अंधारांतच घराबाहेर पडतात. वैशाखांत विहिरींनीं तळ गांठलेला असतो, तेव्हां बायका पाण्याच्या खेपा होईल तितक्या उजाडतांच उरकतात. ऊन चढलें कीं जो तो सावली धरतो, नागलीची आंबील पितो, आणि उन्हें कलेपर्यंत उठत नाहीं. ज्यांना पोटासाठीं दूर वीटभट्ट्यांवर जावें लागतें, त्यांना एवढीही मुभा नसते, हें त्यांचें दुःख. आपण मात्र पैसे देऊन, आपण होऊन, नेमके त्याच वेळीं उन्हांत जाऊन उभे राहतों. हीं माणसें कामावरून परततात, त्या सुमारास उद्यानाचें फाटक उघडतें.

तेव्हां पहिला नियम असा कीं, हा बेत वैशाखांत करूंच नये. कार्तिकापासून माघापर्यंत हवा सुखाची असते, आणि शाळांस नाताळांत सुटी असते. उन्हाळ्यांतच जाणें भाग असेल तर सुटीचा वार टाळावा, म्हणजे रांगा आंखूड होतात. उघड्यावरचे खेळ फाटक उघडतांच उरकावे. बारा ते चार या वेळांत छपराखालच्या, थंड हवेच्या दालनांतच राहावें, आणि तसें दालन नसेल तर बाराला घरची वाट धरावी. पैसे वसूल झाले नाहींत असें कोणी म्हटल्यास इस्पितळाच्या खर्चाचा हिशेब त्यास सांगावा.

दुसरा नियम पाण्याचा. एका जबाबदार माणसाकडे पाण्याचेंच काम द्यावें. त्यानें अर्ध्या अर्ध्या तासानें प्रत्येकास आपल्या देखत पाजावें. बसण्याची जागा मोरीच्या जवळची निवडावी. ही गोष्ट बोलावयास संकोच वाटतो, परंतु आपल्या घरच्या किती तरी वडील बायका केवळ याच भयानें प्रवासांत घोटभर पाणी पीत नाहींत. फार घाम गेला असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून तें पाणी द्यावें. चमचा चहाचा असावा. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा रक्तदाबाच्या रोग्यास तें कितपत चालेल, हें डॉक्टरांस आधींच विचारून ठेवावें. सुती सैल कपडे, ओला पंचा मानेभोंवतीं, आणि पायांत वहाणा असाव्या. पाण्याच्या खेळांतही तापलेल्या फरशीनें लहान मुलांचे तळवे पोळतात. वन्संच्या सारख्यांसाठीं बर्फाच्या पुड्या ठेवण्याचे कप्पे असलेलें जाकीट मिळतें, त्याचा चांगला उपयोग होतो.

तिसरा नियम ओळखण्याचा. माणूस असंबद्ध बोलूं लागला, चिडचिडा झाला, चालतांना झोंक जाऊं लागला, अंग फार तापलें, तर घाम आहे कीं नाहीं हें पाहत बसूं नये. १०८ क्रमांकास फोन लावावा. आणि गाडी येईपर्यंत त्यास सावलींत निजवून अंग भिजवावें, वारा घालावा, मानेस, काखेंत व जांघेंत गार पट्ट्या ठेवाव्या. शुद्ध नीट नसेल तर तोंडांत पाणी घालूं नये. अंग निवविण्याचें काम आधीं आणि जागच्या जागीं सुरू व्हावें. त्या बाईनें तेंच केलें होतें. तिचे आभार मानण्यासही आम्हांस सुचलें नाहीं, ही रुखरुख मला अजून आहे.

गेल्या नाताळांत आम्ही पुन्हां गेलों. या खेपेस बेत सासूबाई आणि वन्सं या दोघींनीं केला; कोठें बसावयाचें, केव्हां जेवावयाचें, केव्हां निघावयाचें, हें सारें त्यांनीं ठरविलें, आणि मुलांनीं त्यांत आपले खेळ बसविले. पिशव्या भाड्याच्या कपाटांत ठेविल्या. दोन मोठे खेळ राहिले, त्याबद्दल मुलें जरा कुरकुरलीं. परंतु आजी त्यांच्याबरोबर लहान मुलांच्या आगगाडींत दोनदां बसल्या, तेव्हां तीही कुरकुर थांबली.

परततांना जव्हारचा घाट चढतां चढतां अंधार पडला. मुलें झोंपलीं होतीं. सासूबाई खिडकीशीं बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरें झालें हो. मागच्या खेपेस उद्यान कसें असतें, तें मीं पाहिलेंच नव्हतें. पिशव्याच तेवढ्या पाहिल्या."