ग्रॅण्ड कॅन्यन व्हाया कसारा

रूममेटला ॲरिझोनाचं पोस्टिंग मिळालं आणि नेरूळच्या फ्लॅटमध्ये त्याने जाहीर केलं, ‘आता खरे कॅन्यन बघणार!’ मला जरा लागलंच. म्हटलं, राजा, जायच्या आधी घरचा बघून जा. जूनचा पहिला वीकएण्ड होता. शुक्रवारी रात्री ऑफिसातूनच सुमो पकडली. ठाणे, कसारा, घोटी, भंडारदरा आणि पहाटे साम्रद.

सांदण दरी तुम्ही फोटोत पाहिली असेलच. पण आतला गारवा फोटोत कुठला यायला! रतनगडाच्या शेजारचं पठार अचानक फाटतं आणि आपण त्या फटीत उतरतो. दोन्ही बाजूंना २०० फुटांवर चढत गेलेले काळे कडे, मध्ये कुठे कुठे दोन माणसं जेमतेम मावतील एवढीच जागा. तिकडच्या वाळवंटातले कॅन्यन लालकेशरी, वालुकाश्माचे. आपला बेसॉल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कोरणारं मात्र दोन्हीकडे पाणीच.

पहिल्या डोहापाशी बूट काढत होतो, तेवढ्यात वाटाडे मामा थबकले. ‘मागं फिरा.’

वर आभाळाची चिंचोळी पट्टी चक्क निळी! ‘मामा, पाऊस कुठाय?’

‘हितं नाय. वरच्या अंगाला गडगडलं. पाणी आलं तर पळायचं कुठं?’

मी जाम हुज्जत घातली. दोर, हार्नेस सगळं तयार, सुमो डेहण्याला येणार, रूममेटचं विमान बुधवारी... मामा ढिम्म. साम्रदला परतून पिठलं-भाकरी खाल्ली. गावात थेंब पडला नाही. परतीच्या वाटेवर मी कोणाशी धड बोललोही नाही. (सॉरी, दोस्तलोक.)

चार महिन्यांनी रूममेटचा फोन. तो ॲण्टिलोप कॅन्यनला जाऊन आला होता. तिथे गाइडशिवाय आत सोडत नाहीत. १२ ऑगस्ट १९९७ला तिथे लोंढा आला आणि ११ ट्रेकर गेले. पाऊस पडला होता कित्येक मैल दूर.

‘तुझ्या मामांना सांग,’ तो म्हणाला आणि मग बराच वेळ आम्ही दोघंही गप्प.

डिसेंबरात येतोय तो. मी मामांना फोन केला, तर म्हणाले, ‘या की. तेव्हा पाणी उतरल्यालं असतं. अन् त्या दिसाचं पिठल्याचं पैसं राहिल्यात.’