बाजाराच्या गावी

स्कॉटलंडला जाणारे बरेच जण एडिनबराचा किल्ला पाहून थेट हायलँड्सच्या डोंगरांत शिरतात. वाटेतली जुनी बाजारगावं राहून जातात, याची आम्हाला मनापासून हळहळ वाटते.

फोर्थ खाडीकाठचं कूरस घ्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सर जॉर्ज ब्रूस यांनी इथे खाडीच्या तळाखालून कोळसा काढला, मिठाचा धंदाही केला. त्या पैशातून उभा राहिलेला पिवळा वाडा नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने १९३२ मध्ये घेतला. पुढे आसपासची छोटी घरंही सावरली. त्यांत आजही संसार चालतात, हे आम्हाला वाड्याहून मोलाचं वाटतं. दगडी गल्ली चढून मर्कॅट क्रॉसपाशी जरूर थांबा. गावाच्या बाजारहक्काची ती खूण.

मेलरोज, केल्सो या अशाच गावांबद्दल आतल्या पानांत वाचा, आणि जमल्यास मुक्काम तिथेच करा.