न वाचतां, न लिहितां

महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० सालीं प्रारंभ झाला. लौकर आरंभ केला म्हणजे भाषा पक्की होते, असें त्या वेळीं मोठ्या उत्साहानें सांगण्यांत आलें. त्या हिशेबानें आजचा दहावीचा विद्यार्थी दहा वर्षें इंग्रजी शिकलेला असतो. तरीही पूर्वीं न पाहिलेलीं चार इंग्रजी पानें त्याच्या हातीं द्यावींत, किंवा 'काल तूं काय केलेंस' हें पांच ओळींत लिहावयास सांगावें, तर तो बहुधा गांगरून जातो. दोष त्याच्या बुद्धीचा, असें म्हणणारे सद्गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. आम्हांस तें मान्य नाहीं. माध्यमिक शाळेच्या इंग्रजीच्या तासाला त्या मुलानें बहुधा कांहीं वाचलेलेंच नसतें, आणि लिहिलेलेंहि नसतें.

विधान धाडसाचें वाटेल. परंतु तासाला चालतें काय, तें पाहावें. शिक्षक एक वाक्य वाचतात व लगेच त्याचा मराठी अर्थ सांगतात. मुलें तो पेन्सिलीनें ओळीवर टिपून घेतात. म्हणजे वाचलें शिक्षकांनीं, समजलेंहि शिक्षकांस. मुलांनीं केलें तें श्रुतलेखन, आणि तेंहि मराठीचें! उत्तरें फळ्यावरून येतात, निबंध गाईडांतून येतो. साठ मुलांचा 'पावसाळ्यांतील एक दिवस' एकाच शब्दानें उगवतो व एकाच शब्दानें मावळतो. आणि त्यांत चूक म्हणून नसल्यामुळें आईबाप संतुष्ट असतात.

परीक्षेंतला अपठित उतारा तरी समजून वाचावा लागतो, असें कोणी म्हणेल. एक प्रयोग करूं. 'पिंगोबानें सांजवेळीं धुंबर चिंबाटलें.' या वाक्यास कांहीं अर्थ नाहीं. तरी कोणीं चिंबाटलें, केव्हां चिंबाटलें, काय चिंबाटलें, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें वाचकांस बिनचूक देतां येतील! प्रश्नांतला शब्द उताऱ्यांत शोधावा आणि तें वाक्य उतरून काढावें, एवढ्या युक्तीस आम्ही आकलन म्हणतों व गुण देतों. धुंबर चिंबाटणें योग्य कीं अयोग्य, असें विचारलें म्हणजे मात्र पंचाईत होते. कृतिपत्रिकेंत मत विचारणारा प्रश्न असतो खरा. परंतु त्याचेंहि ठराविक उत्तर पाठ करून घेणारे वर्ग गल्लोगल्लीं आहेत.

इंग्रजीस 'वाघिणीचें दूध' म्हणण्याची आपल्याकडे रूढि आहे. तें पचविणाऱ्यांनीं काय केलें? चिपळूणकर पितापुत्रांनीं जॉन्सनचा 'रासेलस' मराठींत आणला. आगरकरांनीं सबंध 'हॅम्लेट'शीं झुंजून 'विकारविलसित' सिद्ध केलें. तो काळ घोकंपट्टीपासून मुक्त होता असें नव्हे. पण त्यांनीं पुस्तकें अथपासून इतिपर्यंत वाचलीं होतीं. आमच्या मुलांस मिळतात ते तुकडे. मग तालुक्याच्या गांवांतून उत्तम गुण घेऊन आलेली मुलगी पुण्याच्या महाविद्यालयांत जाते, तीनशें पानांचा इंग्रजी ग्रंथ तिच्यापुढें येतो, आणि आपणच मंद आहोंत अशी तिची समजूत होते. (इंग्रजी माध्यमवाल्यांनीं हंसूं नये, त्यांचीं मुलें खळखळ बोलतात, पण निबंध त्याच गाईडांतून लिहितात.)

शिक्षकांवर सारा रोष ठेवणें अन्यायाचें होईल. साठ वह्या, प्रत्येकीस पांच मिनिटें, म्हणजे पांच तास. असे वर्ग तीन असले तर पंधरा तास! एवढें घरीं बसून कोण तपासणार? परंतु सगळ्याच वह्या व सगळ्याच चुका तपासाव्यात, हा हट्ट कशाला? आठवड्यास वीस वह्या पाहाव्यात, आणि त्यांत एकाच जातीची चूक दाखवावी, केवळ भूतकाळाची म्हणा. उरलेल्या चुका राहूं द्याव्यात. स्वतः जुळविलेल्या पांच अशुद्ध ओळी गाईडांतल्या निर्दोष पानाहून आम्हांस अधिक मोलाच्या वाटतात. तसेंच वर्षास दोन लहान, सोपीं, पण सबंध पुस्तकें प्रत्येक मुलानें मनांतल्या मनांत वाचावींत, आणि शिक्षकांनीं तेवढा वेळ अर्थ सांगण्याचा मोह आवरावा.

पालकसभेंत गुण किती पडले हें सारेच विचारतात. या वर्षीं आमच्या वाचकांनीं एवढें विचारावें: माझ्या मुलीनें इंग्रजी पुस्तक संपविलें तें कोणतें, आणि तिनें स्वतः लिहिलेलें पान कोठें आहे?