जुन्या वास्तूंतील विद्येची बैठक

एका वाचकबंधूंनीं विचारलें आहे कीं, त्यांच्या गांवचें वाचनालय शंभरांहून अधिक वर्षांच्या जुन्या वाड्यांत आहे. तेथें विद्यार्थ्यांसाठीं अभ्यासिका करावयाची आहे, तर ती कशी सजवावी? प्रश्न वरकरणीं रंगरंगोटीचा दिसतो. पण तो तेवढाच नाहीं. उत्तर देण्यापूर्वीं आमची एक चूक कबूल करणें प्राप्त आहे.

आम्ही ज्या शाळेंत शिकवीत होतों, तिचें ग्रंथालय एका जुन्या दगडी इमारतींत होतें. उंच छत, सागवानी तुळया, चुन्याच्या भिंती आणि वर झरोके. ही खोली जुनाट दिसते, असें समितीस वाटलें. तुळयांखालीं फॉल्स सीलिंग बसविलें. भिंतींस सिमेंटचा गिलावा करून तैलरंग दिला. त्या ठरावावर आमचीही सही आहे. दोन पावसाळ्यांत भिंतींवर क्षार फुटले, झरोके झांकले गेल्यामुळें उकाडा वाढला, आणि भिंतीस टेकून ठेवलेल्या कपाटांतील संस्कृत ग्रंथांस बुरशी लागली. मुलें हळूहळू तेथें बसेनाशीं झालीं.

याचें कारण गूढ नाहीं. चुन्याची भिंत ओल शोषते व पुनः हवेंत सोडून देते. सिमेंट व तैलरंग यांनीं ओलीची ती वाट बुजते. उंच छताखालीं तापलेली हवा वर चढून झरोक्यांतून निघून जाते. छत खालीं आणलें कीं ती वाचणाऱ्याच्या डोक्यावर कोंडते. ज्यास आम्ही जुनाटपणा समजलों, ती त्या वास्तूची श्वास घेण्याची रीत होती.

उलट मुंबईस काळा घोडा येथील डेव्हिड ससून वाचनालय पाहावें. टांकसाळ व सरकारी गोदी येथील नोकरांनीं १८४७ मध्यें ही संस्था सुरू केली. सध्यांची इमारत १८७० ची. तिचें मूळचें उतरतें छप्पर जाऊन विसाव्या शतकांत तेथें काँक्रीटची सपाट स्लॅब आली होती. जीर्णोद्धाराच्या वेळीं ती काढून उतरतें छप्पर पुनः उभारलें, आणि २०२३ मध्यें काम पूर्ण झालें. मूळ वास्तूवर चढलेलें आधीं उतरवावें, मग सजावटीचा विचार करावा, हा क्रम घेण्याजोगा आहे.

तेव्हां आमची सूचना येणेंप्रमाणें. भिंतींस चुन्याचाच गिलावा व चुन्याचाच रंग असावा. कपाटें सुटीं, आपल्या पायांवर उभीं राहणारीं असावींत. बाहेरच्या भिंतीपासून चार बोटें अंतर ठेवावें, म्हणजे मागें हवा खेळेल. ग्रंथांचें ओझें फार असतें. माडीवर कपाटें तुळयांच्या मध्यावर न मांडतां भार वाहणाऱ्या भिंतींजवळ मांडावीं, आणि त्यापूर्वीं जाणत्या अभियंत्याकडून माडी तपासून घ्यावी. विजेच्या तारा भिंत न फोडतां वरून नळींतून न्याव्या. मुलांचीं मेजें उत्तरेच्या खिडकीशीं ठेवावीं, कारण तो उजेड सौम्य व सारखा असतो; ग्रंथांवर मात्र ऊन पडूं देऊं नये. सारांश, जें नवें कराल तें उद्यां काढून घेतां येईल असें करा, म्हणजे आपली चूक पुढच्या पिढीस दुरुस्त करतां येईल.

शेवटीं एक विनंति. ठरावावर सही करण्यापूर्वीं समितीच्या प्रत्येक सभासदानें त्या खोलींत सकाळीं, दुपारीं आणि दिवेलागणीस तास तास बसून कांहीं वाचून पाहावें. उजेड कोठून येतो, वारा कोठें अडतो, आवाज कोठें घुमतो, हें ती खोलीच सांगेल. आम्ही तसे बसलों असतों, तर ती सही केली नसती.