चारही चाकं, पण कुठवर?
चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी कुठेही जाईल, हा समज जाहिरातींनी पोसला आहे. मारुतीची ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप आणि जिमनी घ्या: दोघींचा ग्राउंड क्लिअरन्स 210 मिलिमीटर, व्हीलबेसही जवळपास सारखा. तरी खडकाळ चढावर जिमनी सरस, कारण तिला संथ गतीत जास्त जोर देणारा लो-रेंज गिअर आहे आणि बंपर लवकर टेकत नाही. ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिप या ऑल-व्हील ड्राइव्ह यंत्रणेत मागच्या चाकांकडे ताकद क्लचमार्फत जाते. वाळूत तो घसरत राहिला की तापतो. मग ऑल-व्हील ड्राइव्ह निरुपयोगी? मुळीच नाही, पावसाळी घाटात, चिखलाच्या गावरस्त्यावर ती खरोखर कामाची. ब्रेक लावताना मात्र तिचा काडीचा उपयोग नाही, तिथे टायरच काय ते. तेव्हा पैसे आधी चांगल्या टायरांवर घाला, आणि गाडी किनाऱ्याच्या वाळूत नेऊ नका.