दाबून बसेल का?

गणपतीला कोकणात गेलेल्या माणसाला हापिसातून फोन करू नये, एवढं मला कळतं. पण सोमवारी क्लायंटसमोर डेमो, आणि तो देणारा आमचा भिडू गावी. शुक्रवारी रात्री साडेनऊला त्याचाच फोन. "अरे, सेटअप आठशे एमबीला तुटला, आता पहिल्यापासून! दिवसाला दीड जीबीचा पॅक आहे माझा. सातशे उरलेत."

सेटअप १.२ जीबीचा. मी ऐटीत म्हटलं, "थांब, झिप करून टाकतो. निम्मा होईल."

लॅपटॉपचा पंखा घरघरला, चार मिनिटं गेली आणि झिप तयार झाली. १.१९ जीबी!

गावी जाताना बॅग भरता ना तुम्ही? गोधडी गुडघ्याने दाबली की बसते. नारळ दाबून बघा! झिप करते काय, तर फाइलमध्ये पुन्हा पुन्हा येणारा मजकूर एकदाच लिहून पुढे वाण्याच्या वहीसारख्या डिट्टोच्या खुणा करते. म्हणून आमची २०० एमबीची लॉग फाइल १५ एमबीत बसते. सेटअप मात्र बनवणाऱ्यानेच आधी आवळलेला असतो. जेपीजी फोटो, एमपीथ्री, व्हिडिओ, सगळे नारळच. वर्डची डॉकएक्स फाइलसुद्धा आतून झिपच असते. (बॉसला हे सांगून बघा, पटत नाही. तो पीपीटीएक्स झिप करूनच पाठवतो.)

मग झिपचा उपयोग काय? त्या रात्री झाला तो वेगळाच. सेव्हन-झिप हे १९९९ पासून फुकट मिळणारं सॉफ्टवेअर फाइलचे तुकडेही पाडतं. मी शंभर-शंभर एमबीचे बारा पाडले. सात त्याने लगेच उतरवले, उरलेले बारा वाजता पॅक नवा झाल्यावर. नवव्या तुकड्याला रेंज गेली. गेली तर गेली, तेवढाच पुन्हा घेतला! शिवाय झिपमध्ये प्रत्येक फाइलचा एक ताळा लिहिलेला असतो. उघडताना तो जुळला नाही तर एरर येते, म्हणजे बिघडलेला सेटअप डेमोच्या दिवशी दगा देत नाही.

पाऊण वाजता पुन्हा फोन. "डिस्क फुल म्हणतंय रे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुकडे १.२ जीबी, जोडून निघणारा सेटअप आणखी १.२, आणि इन्स्टॉल झाल्यावर वर तीन. डाउनलोडला आवळलेली फाइल डिस्कवर शेवटी पाय पसरतेच. त्याच्याकडे उरला होता एक जीबी.

"गेल्या वर्षीच्या आरत्यांचे व्हिडिओ आहेत पाच जीबी," तो म्हणाला. "झिप करू का?"

"नारळ!" मी ओरडलो. "पेन ड्राइव्ह शोध कुणाचा तरी."

वहिनींना उठवून त्यांचा पेन ड्राइव्ह मिळेपर्यंत दीड वाजला. डेमो झाला. वहिनी अजून माझ्याशी बोलत नाहीत.