दुसरा वणवा लागू देऊ नका

एकदा जळालेला डोंगर आणि दरसाल जळणारा डोंगर यांतला फरक पाहायचा असेल, तर फाल्गुन सरता सरता राजगड-तोरणा धारेवर जावं. एका अंगाला भोरमधलं भुतोंडं आणि भाटघरचं पाणी, दुसऱ्या अंगाला वेल्ह्याचं खोरं. मी भोरला राहते. यंदा पाठीवर शिधा, अंथरूण आणि भरपूर पाणी घेऊन मुक्कामाच्या बेताने ही धार चालले. सोबतीला खंड्या, माझा गावठी कुत्रा. निघालो पहाटेच, कारण जळून काळी पडलेली जमीन सकाळीच तापते आणि कुत्र्याचे पंजे भाजतात.

गेल्या वर्षीच्या आगीनंतर यंदा वाचलेल्या उतारावर मला धीर आला. कुंभ्याची जाड साल बाहेरून कोळसा झाली होती, पण फांद्यांच्या टोकांना फुलं होती. पळसाच्या बुंध्याशी गुडघाभर धुमारे होते. धायटी लाल फुलली होती. ऐन आणि भोमा यांची मुळंही मातीखाली जिवंत राहिली होती आणि एका पावसाळ्यात त्यांनी पुन्हा अंग धरलं होतं. सह्याद्रीतल्या या झाडांना एखादी आग पचते.

थोडं पुढे गेल्यावर मात्र दरवर्षी पेटणारा टप्पा लागला. तिथे धुमाऱ्यांच्या जागी नुसत्या काळ्या काड्या. झाड मुळातला साठा खर्चून पालवी काढतं. ती करंगळीएवढी असतानाच पुन्हा जळली, आणि पुढच्या साली पुन्हा, की साठा आटत जातो. झाड मरतं आणि मोकळ्या जागेवर कुसळी गवत पसरतं. या गवताच्या बीला पिळाचं कुसळ असतं. ओल लागली की कुसळ फिरतं, बी मातीत शिरतं आणि वरून वणवा गेला तरी शाबूत राहतं. म्हणजे आपण दरसाल लावलेली आग झाडं मारते आणि कुसळीला रान मोकळं करून देते. त्या रात्री धनगरवाड्यावर मी बॅटरीच्या उजेडात खंड्याच्या कानांतून आणि बोटांच्या बेचक्यांतून कुसळं वेचत बसले होते. सगळी आली होती ती त्या टप्प्याच्या कडेला न जळता राहिलेल्या गवतातून. घरातल्या मावशी म्हणाल्या, ‘‘एकदा जळलं तर रान उठतं, बाई. पण सारखंच भाजलं तर कशाच्या जिवावर उठंल?’’

माझं म्हणणं एवढंच आहे. पहिली आग सगळ्या ठिकाणी टळणार नाही, पण त्याच उतारावरची दुसरी आग टाळणं आपल्या हातात आहे. जळालेल्या रानाला सलग काही वर्षं आगीविना मिळाली, तर ते स्वतःहून उभं राहतं. तिथे खड्डे खणून रोपं लावण्याचे समारंभही बहुतेक ठिकाणी लागत नाहीत.

आग कोण लावतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. वरकड गवत जाळलं की कोवळं गवत लवकर येतं, ही जुनी समजूत आहे. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याची ठिणगी वाऱ्याने बांधापलीकडे जाते. फिरायला आलेल्यांची विझवलेली वाटणारी शेकोटी आणि फेकलेली विडी-सिगारेटही कारण ठरते. 1927च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात आग लावणं गुन्हा ठरवलं आहे. पण इथे आग पुष्कळदा मालकीच्या रानात लागते आणि मग वनाच्या हद्दीत शिरते. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे उपग्रहावरून मिळालेले इशारे आता मोबाइलवर येतात. तरी तो इशारा वाचून धारेवर चढायला माणसंच लागतात, आणि भर उन्हात वाऱ्यावरची आग त्यांच्या आधी माथा गाठते.

म्हणून खरं काम हिवाळ्यातलं आहे. गवत वाळून खळखळायला लागायच्या आत, जानेवारी संपण्यापूर्वी, मालकीचं रान आणि वन यांच्या हद्दीवर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, तयार हव्यात. त्या गावातल्याच माणसांनी काढाव्यात आणि त्यांना वेळेवर रोख मजुरी मिळावी. राब भाजण्याचे दिवस गावाने मिळून ठरवावेत, भाजताना पाणी आणि हिरवे डहाळे हाताशी ठेवावेत. राबावर सरसकट बंदी घालून शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवू नये. त्याचं भात त्यावर उभं आहे.

पैसा कुठून येणार? उघड्या पडलेल्या उताराची माती पहिल्या वळवातच खाली धावते. भुतोंड्याकडची भाटघरला जाते, वेल्ह्याकडची गुंजवणीला. भाटघर धरण 1927-28 सालचं. नीरेचे कालवे त्याच्या पाण्यावर फलटण, बारामती, इंदापूर, माळशिरसपर्यंत शेती भिजवतात. वरचं रान राखण्याचा थोडा खर्च त्या पाण्याच्या लाभधारकांनी उचलावा, हे न्याय्य आहे. धरणात साचलेला गाळ काढण्यापेक्षा तो स्वस्तही पडेल.

आणि आपण चालणाऱ्यांनीही काही पाळायला हवं. सावरणाऱ्या उतारावर चूल पेटवू नये, मळलेली वाट सोडू नये. कुत्रा सोबत असेल तर त्याला दोरी हवीच. टिटवी आणि रातवा उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि त्यांचे हेच दिवस. खंड्याला हुंगत हिंडायला आवडतं, तरी धारेवर तो सबंध वेळ दोरीवर होता.

ट्रेकिंग करणाऱ्या संस्थांनी हिवाळ्यातली एखादी मोहीम रद्द करून ती माणसं जाळरेषेच्या कामाला द्यावीत. भोर आणि वेल्ह्यातल्या ग्रामसभांनी कुठले उतार यंदा जळाले, त्याची यादी पावसाळ्याआधी करावी आणि पुढच्या हिवाळ्यात पहिली जाळरेषा तिथेच काढायची, असा ठराव आत्ताच घ्यावा.